चतुःसीमा

शुक्रवारपर्यंत ठाण्याला पाठवायची होती
मुरबाड तालुक्याची माहिती, चार पानी, दोन प्रतींत.
साहेब म्हणाले, जुनीच काढा, साल बदला.
साल बदललं. मग पेन अडलं ते
'डोंगरी वस्त्या : संख्या' इथं.
जुन्या पानावर त्या जागी शाईचा डाग,
सत्तावीस असतील, किंवा सदतीस.

म्हणून निघालो. टोकावड्यापर्यंत एसटी,
पुढं ग्रामसेवकाची मोटारसायकल, तीही ओढ्याशी बसली.
पलीकडे पदू उघडे उभा, कमरेला कोयता.
म्हणाला, वाडी हितंच, दोन हाकांवं.
मी वहीत लिहिलं : अंतर अंदाजे एक कि.मी.
पहिली हाक संपायलाच पाऊण तास गेला.

वने : मिश्र पानझडी.
एवढंच मावतं रकान्यात.
ऐन, हेद, कुंभा, पदू एकेकावर हात ठेवत चालला,
फक्त एका झाडाला नाव न घेता
लांबून वळसा घातला, कोयता मागं धरून.
मी विचारलं नाही. मीही वळसाच घातला.
वन्यप्राणी : भेकर, रानडुक्कर, बिबट्या (ऐकीव).

वाडीत घरं अकरा.
चारांच्या दारांना कुलूप नव्हतं,
करवंदीची काटेरी फांदी आडवी लावलेली.
माणसं भिवंडीकडे, वीटभट्टीवर.
तिथं ती कुणाच्या यादीत नाहीत,
आणि माझ्या यादीतल्या घरांत ती नाहीत.
एका बंद ओट्यावर कोंबडी तेवढी
घर सांभाळायला ठेवल्यासारखी बसलेली.
ती पशुधनात धरली.

गोमी उघडे भात पाखडत होती.
वय विचारलं तर कारवी मोजली तिनं :
जन्मले तवा फुललेली, त्याच्यावं आठ येळा.
सात आठं छप्पन्न. लिहिलं.
"आन मधी एक येळ फुललीच नाय,
त्याच साली धाकला गेला.
ती कशी धरलीस?"
छप्पन्न खोडलं, त्रेसष्ट केलं.
मग तेही खोडलं.
सुपातून तूस उडत होतं, वहीवर बसत होतं,
मी फुंकर मारली की परत येत होतं.

राहिली चतुःसीमा.
ती कचेरीत बसूनच भरता आली असती,
तरी कागद पुढं धरून वाचली मोठ्यानं,
कुणाचा वाडीभर दावा असेल तर सांगावा, अशी :
उत्तरेस शहापूर, पश्चिमेस कल्याण,
दक्षिणेस कर्जत,
पूर्वेस जुन्नर, जिल्हा पुणे.

गोमीनं सूप खाली ठेवलं.
कड्याकडे हनुवटी केली,
जिथं खडकात पाऊल मावेल एवढ्या खोबण्या आहेत,
जिथून बाईमाणूस पोर पाठीशी बांधून चढतं
आणि आमच्या नकाशात नुसत्या केसाळ रेघा.
"पूर्वेस म्हायेर," म्हणाली. "लिव्ह."

पदू म्हणाला, तिथं वर उभं राहून चूळ भरली
तर अर्धी काळू नदीला येते, अर्धी भीमेला जाते.
एकाच तोंडातली.
गोमी म्हणाली, त्याला काय म्हाईत,
वर चढतो का कधी तो? मीच जाते,
भाऊ मेल्यापासनं तेवढी नाय गेले.
आणि परत पाखडायला लागली, जोरात.

उतरताना अंधार पडला. हाका मोजल्या नाहीत.

शुक्रवारी चार पानं गेली, दोन प्रतींत.
वस्त्यांपुढं मी सत्तावीसच लिहिलं होतं,
ते कुणाला खटकलं नाही.
सोमवारी एक प्रत परत आली, लाल शाईत :
पूर्व सीमा तपासावी.
दुसरी तिथंच राहिली असावी कुठल्यातरी गठ्ठ्यात,
माहेरासकट.

तपासायचं म्हणजे जावं लागणार.
दोन हाका, मग खोबण्या.
रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, तारीख मोकळी.
कारण : सीमा-तपासणी.
ते खोडून खाली :
गुडघे अजून चालतात तोवर.